अनुनयाची नगरी : वत्सगुल्म आणि प्रेमकाव्याचा इतिहास

१

प्रेम या आशयसूत्राचा विश्वसाहित्यातील इतिहास सांगणाऱ्या पाश्चात्त्य ग्रंथांपैकी दोन ग्रंथांचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. सी. एस. लुईस यांचा 'द ॲलेगरी ऑफ लव्ह' १९३६ मध्ये आणि देनी द रूजमों यांचा प्रेम व पाश्चात्त्य जग यांविषयीचा फ्रेंच ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांच्या भूमिकांत अंतर आहे. परंतु एका मुद्द्यावर त्यांचे जवळजवळ एकमत आहे. ज्याला आधुनिक वाचक 'प्रेम' म्हणून ओळखतो ती उत्कट, एकाग्र आणि काव्याला जन्म देणारी भावना अकराव्या-बाराव्या शतकांत प्रोव्हान्सच्या त्रुबादूर कवींनी घडविली, असे ते मानतात. या प्रेमाची प्रकृती अंतरावर पोसलेली आहे. प्रेयसी दुर्लभ असते, बहुधा परकीया असते, आणि प्राप्तीबरोबर प्रेमाची कथा संपते. रूजमों यांच्या मते तर विघ्न हेच या प्रेमाचे अन्न होय आणि विवाह हा त्याचा प्रतिपक्ष होय.

ज्या वर्षी रूजमों यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच १९३९ साली विदर्भातील वाशीम येथे एक ताम्रपट प्रकाशात आला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. तरीही प्रेमकाव्याच्या इतिहासाची मांडणी करताना त्या शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरते. कारण ताम्रपटाने ज्या नगरीचे ऐतिहासिक स्थान निश्चित केले, ती नगरी संस्कृत साहित्यशास्त्राच्या स्मृतीत प्रेमाची नगरी म्हणून आधीच नोंदली गेलेली होती. वत्सगुल्म हे तिचे नाव. प्रोव्हान्सपूर्वी सातशे वर्षे येथे प्रेमाची कोणती कल्पना काव्यविषय झाली होती, आणि ती आपल्यापर्यंत कोणाच्या हातून पोहोचली, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

वाशीमचा ताम्रपट वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याचा आहे. तो त्याच्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्म येथून दिला गेला. त्यात दाता स्वतःला पहिल्या प्रवरसेनाचा नातू आणि सर्वसेनाचा पुत्र म्हणवितो. या ताम्रपटापूर्वी वाकाटकांची वत्सगुल्म शाखा स्वतंत्रपणे ओळखली गेलेली नव्हती. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील वराहदेवाच्या शिलालेखात या शाखेची वंशावळ होती. पण लेख झिजलेला असल्याने त्यातील नावे नीट लागत नव्हती. ताम्रपटामुळे ती लागली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या सर्व पुराव्याची संगती लावून वाकाटकांच्या दोन प्रमुख शाखांचा इतिहास सिद्ध केला. त्यांचे वाकाटकांवरील मराठी पुस्तक १९५७ मध्ये आणि कोरीव लेखांचा इंग्रजी संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वसेनाचा काळ इसवी सनाच्या चौथ्या शतकाचा दुसरा चरण असा सामान्यतः मानला जातो.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने या ताम्रपटाच्या भाषेकडेही लक्ष द्यावयास हवे. त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात आहे, तर दानाचा व्यवहार सांगणारा पुढील भाग प्राकृतात आहे. पूर्वजांचे गौरवकथन संस्कृतात करावे आणि गाव, सीमा, सवलती, अधिकाऱ्यांना द्यावयाच्या आज्ञा प्राकृतात सांगाव्यात, अशी ही विभागणी आहे. वत्सगुल्माच्या राजसभेत प्राकृत ही व्यवहाराची जिवंत भाषा होती. विंध्यशक्तीचा पिता सर्वसेन याने काव्यासाठी निवडली तीही प्राकृतच. त्याच्या 'हरिविजय' या महाकाव्याची भाषा महाराष्ट्री प्राकृत आहे. 'गाथासप्तशती'तील काही गाथाही टीकाकारांनी त्याच्या नावावर नोंदविल्या आहेत. सातवाहनकालापासून गोदावरीच्या खोऱ्यात शेतकरी, पाटील, प्रवासी आणि त्यांच्या स्त्रिया यांच्या प्रेमव्यवहाराची नोंद ज्या भाषेत झाली, तीच भाषा एका राजाने कृष्णकथेच्या महाकाव्यासाठी वापरली. पुढे मुख्य शाखेतील दुसऱ्या प्रवरसेनाचे 'सेतुबंध' याच परंपरेत अवतरले.

३

वाकाटकांची सत्ता इसवी सनाच्या ५०० च्या सुमारास अस्तंगत झाली. त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी कनौजच्या प्रतीहार राजसभेत बसून राजशेखराने 'काव्यमीमांसा' लिहिली. हा ग्रंथ आधुनिक अभ्यासकांना १९१६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेतून उपलब्ध झाला. त्याच्या तिसऱ्या अध्यायात काव्यपुरुषाच्या उत्पत्तीची कथा आहे.

काव्यपुरुष हा सरस्वतीचा पुत्र. देव आणि ब्रह्मर्षी यांच्यातील वादात निर्णय देण्यासाठी सरस्वतीला ब्रह्मलोकी जावे लागते. मुलगा मागे लागतो. ती त्याला परत पाठविते. तो रुसतो आणि निघून जातो. त्याचा सखा कुमार रडू लागतो, तेव्हा गौरी विचार करते की प्राणिमात्राला बांधणारे प्रेमासारखे दुसरे बंधन नाही. म्हणून ती साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते आणि रुसून गेलेल्या काव्यपुरुषाला वळवून आणण्यासाठी तिला त्याच्यामागे धाडते. दोघे प्रथम पूर्वेकडे जातात. तेथे साहित्यविद्येचा वेष, विलास आणि त्याचे तिच्याशी बोलणे यांतून एक वळण निष्पन्न होते. परंतु तो वश होत नाही. त्याची भाषा समासबहुल राहते, आणि ती गौडी रीती ठरते. पांचाल देशात तो किंचित वळतो, समास विरळ होतात, पांचाली रीती घडते. अवंतीवरून ती दोघे दक्षिणेकडे येतात. तेथे तो पूर्णपणे तिचा होतो. त्याच्या वाणीतून समास गळून पडतात आणि वैदर्भी रीती सिद्ध होते. मग विदर्भातील वत्सगुल्म या नगरात, जे मदनाचे क्रीडास्थान म्हणून राजशेखर सांगतो, दोघांचा गांधर्व विवाह होतो. पुढे हिमालयावर गौरी आणि सरस्वती या विहिणी त्यांचे स्वागत करतात व कवींच्या मनात वास करण्याचा आशीर्वाद त्यांना देतात.

ही कथा रीतिविचाराचे रूपक म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र तिचा गाभा बहुधा दुर्लक्षित राहतो. रीतींचा येथे सांगितलेला क्रम हा रुसवा कमी कमी होत जाण्याचा क्रम आहे. समास म्हणजे दुरावा आणि असमस्त पद म्हणजे जवळीक असे समीकरण राजशेखराने मांडले आहे. भाषेच्या वळणांमागचे कारण तो भूगोलात शोधत नाही. भूगोलाच्या निमित्ताने तो ते दोन व्यक्तींमधील नात्यात शोधतो. वैदर्भी रीती श्रेष्ठ का, या प्रश्नाला दंडी व वामन यांनी गुणांची यादी देऊन उत्तर दिले होते. राजशेखराचे उत्तर वेगळे आहे. मन वळलेला माणूस जसा बोलतो तशी ती रीती आहे, म्हणून ती श्रेष्ठ. त्याच्या 'कर्पूरमंजरी' या प्राकृत सट्टकाच्या नांदीत वैदर्भीच्या जागी 'वच्छोमी' हे नाव येते. वच्छोम म्हणजे वत्सगुल्म. नगरीचे नाव येथे शैलीचे नाव झाले आहे. त्याच सट्टकातील नायिका योगसामर्थ्याने रंगभूमीवर आणली जाते तीही वच्छोम नगरीतून.

विद्या आणि वाणी यांच्या विवाहाचे रूपक विश्वसाहित्यात अन्यत्रही आढळते. पाचव्या शतकात मार्तिआनुस कापेला या लॅटिन ग्रंथकाराने फिलॉलॉजी आणि मर्क्युरी यांच्या विवाहाची कथा नऊ खंडांत रचली. युरोपच्या मध्ययुगीन शिक्षणाचा तो एक आधारग्रंथ होता. तेथेही वक्तृत्वाचा देव वर आहे आणि विद्या वधू आहे. परंतु मर्क्युरीचा विवाह देवसभेच्या संमतीने ठरतो आणि वधूला आंदण म्हणून सात विद्या दासींच्या रूपाने मिळतात. ग्रंथाचा बहुतेक भाग या दासींच्या व्याख्यानांनी व्यापला आहे. नात्यात काही घडत नाही, संपत्तीचे हस्तांतर तेवढे घडते. राजशेखराच्या कथेत आंदण नाही, सभा नाही. एक रुसलेला वर आणि त्याला समजावीत देशोदेशी हिंडणारी वधू एवढाच संभार आहे. विद्या काव्याला प्राप्त होते ती अनुनयातून.

४

येथे थांबणे अभ्यासकाला सुखाचे वाटेल. पण वत्सगुल्माची आणखी एक नोंद आहे आणि ती टाळता येत नाही. वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'त सत्ताधाऱ्यांच्या कामव्यवहाराची प्रदेशवार माहिती देताना वात्सगुल्मकांची रीत सांगितली आहे. तेथे महामात्रांच्या अंतःपुरातील स्त्रिया रात्री सेवेसाठी राजाकडे जातात, अशी ती नोंद आहे. लगेच पुढे वैदर्भांची रीत येते : रूपवती जनपदस्त्रियांना प्रीतीच्या निमित्ताने महिना-पंधरवडा अंतःपुरात ठेवून घेतले जाते. वात्स्यायन हे सर्व तटस्थपणे नोंदवितो. तेराव्या शतकातील टीकाकार यशोधर वत्स आणि गुल्म या दोन राजपुत्रांवरून नगरीचे नाव सांगतो आणि पुढे जातो. स्थानिक माहात्म्य हेच नाव वत्स ऋषीच्या आश्रमाशी जोडते.

'मदनाचे क्रीडास्थान' या राजशेखराच्या गौरवामागे ही जुनी ख्याती असावी, असा तर्क करण्यास जागा आहे. तसे असेल तर गौरवाचा अर्थ बदलतो. ज्या नगरीत अमात्यांच्या स्त्रिया राजाज्ञेने राजाकडे जात, तेथे प्रेमात दुसऱ्याचे मन वळविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सत्ता पूर्ण असते तेथे अनुनय अनावश्यक असतो. 'प्रीतीच्या निमित्ताने' हा शब्दप्रयोगच सांगतो की प्रीती हे येथे निमित्त आहे. प्रेमकाव्याच्या इतिहासकाराने ही नोंद पार्श्वभूमीवर ठेवूनच त्या नगरीच्या राजाचे काव्य वाचावयास हवे.

५

'हरिविजय' आज समग्र उपलब्ध नाही. त्याचे अवशेष साहित्यशास्त्राच्या ग्रंथांतील उदाहरणांच्या रूपाने उरले आहेत. भोजाच्या 'सरस्वतीकंठाभरण' आणि 'शृंगारप्रकाश' या ग्रंथांत त्यांतील बरीच पद्ये आढळतात; अलीकडच्या काळात वा. म. कुलकर्णी यांनी असे अवशेष एकत्र करून काव्याची रूपरेषा पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न केला. कथा स्थूलमानाने अशी : पारिजाताची फुले रुक्मिणीला मिळतात, सत्यभामा मान धरते, कृष्ण तिचा अनुनय करतो, आणि तिच्यासाठी स्वर्गावर चालून जाऊन इंद्राकडून पारिजात वृक्षच आणतो.

आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात प्रबंधातील रसौचित्याची चर्चा केली आहे. परंपरेने आलेली कथा रसाला प्रतिकूल असेल तर कवीने ती बदलावी, नवी कल्पावी, असे तो सांगतो. त्यासाठी तो कालिदासाच्या रचना, सर्वसेनाचे 'हरिविजय' आणि स्वतःचे 'अर्जुनचरित' यांचा निर्देश करतो. अभिनवगुप्त 'लोचना'त खुलासा करतो की 'हरिविजया'त कांतेच्या अनुनयाचे अंग म्हणून पारिजातहरणादी प्रसंग आले आहेत आणि इतिहासात ते तसे आढळत नाहीत. 'विष्णुपुराणा'त नरकासुराच्या वधानंतर अदितीची कुंडले परत करण्यासाठी कृष्ण सत्यभामेसह स्वर्गात जातो आणि तेथे तो वृक्ष पाहून तिला त्याचा मोह होतो. त्याच्याशी ताडून पाहिले म्हणजे अभिनवगुप्ताच्या विधानाचे महत्त्व कळते. एका कथेत युद्ध आधी आणि हट्ट नंतर. दुसरीत रुसवा आधी आणि युद्ध त्याच्यापोटी. पराक्रमाचे कारणच बदलले आहे. इतिहासापेक्षा रस श्रेष्ठ, या भारतीय साहित्यशास्त्रातील एका मूलभूत सिद्धांताला जी थोडी उदाहरणे मिळाली, त्यांतील एक वत्सगुल्माच्या राजाने एका स्त्रीच्या रागासाठी केलेला कथाबदल हे आहे.

कुंतकाने 'वक्रोक्तिजीविता'त सुकुमार मार्गाचे कवी म्हणून कालिदास आणि सर्वसेन यांची नावे जोडीने घेतली आहेत. हा मार्ग वैदर्भीच्या कुळातला. राजशेखराने रूपककथेत जे सांगितले ते कुंतकाने कवीचे नाव घेऊन सांगितले, असे म्हणता येईल.

साहित्यशास्त्रकारांनी आणखी एक वैशिष्ट्य नोंदविले आहे. काही महाकवी सर्गाच्या अखेरीस एक ठरावीक शब्द आपली खूण म्हणून गुंफीत. प्रवरसेनाची खूण 'अनुराग' ही होती आणि सर्वसेनाची 'उत्साह' ही होती. समुद्रावर सेतू बांधून लंका जिंकण्याच्या काव्यावर अनुरागाचा ठसा आहे, आणि रुसलेल्या पत्नीची समजूत घालण्याच्या काव्यावर वीररसाच्या स्थायिभावाचा. दोन वाकाटक कवींच्या या उलटापालटीत योगायोगापेक्षा अधिक काही असावे. अनुरागावाचून पराक्रमाला हेतू नाही आणि अनुनयालाही उत्साह लागतो, अशी ही परस्परपूरक दृष्टी दिसते.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. 'हरिविजय' हे प्रेमकाव्य होते हे आपण सांगतो ते कशाच्या आधारे? भोजाला शृंगार हा एकमेव मूलरस सिद्ध करावयाचा होता. त्याने त्यासाठी लागणारी पद्ये निवडली. अशा प्रकारे अवशेषांची निवड सिद्धांताने केली आहे. नगर, ऋतू, युद्ध, राजनीती यांविषयीची जी पद्ये उदाहरण म्हणून उपयोगी पडली नाहीत ती काव्याबरोबर बुडाली. ग्रीक कवयित्री साफो हिच्याबाबतीत असेच घडले. तिची नऊ खंडांची रचना लुप्त झाली. अफ्रोडायटीला केलेली तिची प्रार्थना हॅलिकार्नाससच्या डायोनिसिअसने शैलीचे उदाहरण म्हणून उतरून घेतली म्हणून उरली, आणि प्रेमज्वराने देह विकल होण्याचे तिचे प्रसिद्ध वर्णन उदात्ततेची मीमांसा करणाऱ्या 'लाँजायनस'मुळे उरले. युरोपातील प्रेमकवितेची आद्य प्रतिमा अशा रीतीने दोन समीक्षकांच्या निवडीतून घडली. समीक्षा काव्याच्या मागून येते असे मानण्याची प्रथा आहे; साफो आणि सर्वसेन यांच्याबाबतीत काव्यच समीक्षेच्या आश्रयाने जगले. तेव्हा या प्राचीन प्रेमकाव्यांचा इतिहास हा अंशतः साहित्यशास्त्राच्या अभिरुचीचाही इतिहास असतो.

६

या मर्यादेतही एक गोष्ट ठामपणे सांगता येते, कारण ती एखाद्या सुट्या पद्यावर अवलंबून नसून अभिनवगुप्ताने सांगितलेल्या काव्याच्या रचनेवर अवलंबून आहे. विदर्भाचा राजा कृष्णकथेतील प्रेमप्रसंग निवडतो तेव्हा विदर्भकन्या रुक्मिणीचे हरण हा विषय त्याच्या दाराशी उभा असतो. तो विषय तो घेत नाही. त्याच्या काव्याचे केंद्र सत्यभामेचा मान हे आहे. हरण ही प्राप्तीची कथा. मान ही प्राप्तीनंतरची कथा. प्रोव्हान्सच्या कवीसाठी जेथे प्रेम संपते तेथे सर्वसेनाचे प्रेम सुरू होते. भारतीय साहित्यशास्त्राने मानाला विप्रलंभ शृंगाराचा एक प्रकार मानले, ही बाब या दृष्टीने अर्थपूर्ण आहे : एकाच घरात असूनही विरह असू शकतो, हे त्याने शास्त्रात नोंदविले.

या अनुनयाला आदर्श ठरविण्याचा मोहही टाळावा लागेल. सत्यभामेचा मान बहुपत्नीकत्व गृहीत धरतो. तिची समजूत पटते ती दुसऱ्याच्या उपवनातून बळाने आणलेल्या वृक्षाने. रुक्मिणीला या व्यवहारात काय वाटले असेल, हा प्रश्न उपलब्ध अवशेषांच्या आधारे सोडविता येत नाही. साहित्यविद्येचेही तसेच आहे. गौरी तिला निर्माण करून कामगिरीवर पाठविते, तिची इच्छा कोणी विचारीत नाही. तथापि 'कामसूत्रा'तील नोंदीशेजारी ठेवले असता या काव्याची दिशा स्पष्ट होते. त्या नोंदीत स्त्रिया राजाकडे जातात. राजाच्या काव्यात द्वारकाधीश स्त्रीच्या दारी जातो. जीवनात जेथे आज्ञा पुरेशी होती तेथे काव्याने विनंतीची गरज दाखविली. राजशेखराच्या चरित्रातही अशी एक खूण सापडते. ज्याने साहित्यविद्येला अनुनय करावयास लावले त्यानेच आपली पत्नी अवंतीसुंदरी हिची साहित्यविषयक मते तिच्या नावानिशी 'काव्यमीमांसे'त नमूद केली, आणि 'कर्पूरमंजरी'चा प्रयोग तिच्या इच्छेने झाल्याचे सांगितले.

मराठीत या आशयसूत्राचे पुढे काय झाले, याचा थेट वंशवृक्ष मांडता येणार नाही. पण त्याचे प्रतिध्वनी ऐकू येतात. महानुभाव परंपरेत महदंबेचे 'धवळे' आणि नरेंद्राचे 'रुक्मिणीस्वयंवर' यांनी विदर्भकन्येला केंद्रस्थानी आणले. भास्करभट्ट बोरीकरांच्या 'शिशुपाळवधा'विषयी पंथात सांगितली जाणारी आख्यायिका प्रसिद्ध आहे : ग्रंथ उत्तम, पण निवृत्तांच्या उपयोगाचा नाही, असा अभिप्राय मिळाल्यावर कवीने 'उद्धवगीता' रचली. शृंगार आणि संन्यास यांमधील ताण येथे ग्रंथनिर्मितीचेच कारण झाला. आणि पंढरपूरच्या लोककथेत तर रुक्मिणी स्वतः रुसून दिंडीरवनात येते, तिच्या शोधात देव द्वारका सोडून तेथे पोचतो; विठ्ठल आणि रखुमाई यांची मंदिरे वेगळी का, याचे स्पष्टीकरण लोकमानस आजही त्या रुसव्यात शोधते. सर्वसेनाने जिला मानाचा अधिकार दिला नव्हता तिला तो ओवी गाणाऱ्या स्त्रियांनी दिला.

७

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या मुख्य ठाण्याच्या प्राचीन नावाशी साहित्यशास्त्राचा इतका निकटचा संबंध आहे, याची जाणीव अभ्यासक्रमांतून मात्र क्वचितच दिली जाते. रीतिविचार शिकविताना वैदर्भी ही गुणांची यादी म्हणून येते. ध्वनिविचार शिकविताना सर्वसेन हे एक नाव म्हणून येते. प्रेमकाव्याचा इतिहास शिकविताना आरंभबिंदू बहुधा प्रोव्हान्स हाच असतो. या तिन्ही गोष्टी एका नगरीत एकत्र येतात हे लक्षात घेतले, तर विश्वसाहित्यातील प्रेमविचारात एक निराळे प्रतिमान उपलब्ध होते. त्या प्रतिमानात प्रेमाचे मोजमाप अंतराने होत नाही. रुसलेल्याला वळविण्यासाठी किती वाट चालली गेली यावरून ते होते. काव्यपुरुषामागे साहित्यविद्या पूर्वसमुद्रापासून विदर्भापर्यंत चालत आली, आणि तेथे पोचेपर्यंत त्याची भाषा सुटी व सरळ झाली होती.